शालननं शब्द दिलेले साबण

“वृषाली, इकडे ये जरा. हे घट्ट का होत चाललंय?”

बाबांची हाक आली तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून आत गेले. बाबा गॅससमोर उभे होते. एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात उलथनं, आणि दुधाच्या पातेल्यात काहीतरी पिवळट खदखदत होतं. त्यांनी उलथनं वर उचललं तर पाकासारखी लांब तार सुटली. घरभर करपट, गोडसर वास पसरला होता.

“बाबा, हे काय?”

“साबण.”

मी गॅस बंद केला. बाबा पातेल्यात बघत राहिले. आयुष्यभर ते देवरुखच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठे लागलीय, कुठली संगमेश्वरला अडकलीय, हे सांगण्यात त्यांचा जन्म गेला. घरात गॅस पेटवला असेल तर चहापुरता. तोही आई गावाला गेली तरच.

आईला जाऊन पंधरवडा झाला होता. सकाळी देवाची फुलं काढता काढता ती जास्वंदीखाली बसली, ती उठलीच नाही. तेरावं झालं, पाहुणे पांगले. माझा नवरा मुलाला घेऊन ठाण्याला परत गेला आणि मी बाबांसाठी थोडे दिवस मागे राहिले. आदल्या दिवशी वरच्या आळीतल्या नार्वेकर काकू भेटायला आल्या होत्या. त्यांच्या प्राजक्ताचं लग्न आठवड्यावर आलं होतं. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांच्या हातावर ठेवायला साबण आणि हातापायांना चोळायच्या लोशनच्या वड्या करून द्यायचं आईनं कबूल केलं होतं. जाताना काकू दारात घुटमळल्या.

“साळवीदादा, ते साबणाचं मनात ठेवू नका हां. आम्ही रत्नागिरीहून काहीतरी आणू.”

“नको,” बाबा म्हणाले. “शालननं शब्द दिलाय. साबण होतील.”

“अहो पण करणार कोण?”

“होतील,” बाबा पुन्हा म्हणाले. स्टँडवर गाडी कधी येणार असं विचारणाऱ्या माणसाला सांगायचे त्याच आवाजात.

आणि आज सकाळी मी उठायच्या आत ते दोन घरं सोडून पलीकडे नसीमाभाभींकडे गेले, दारातूनच आईचं सामान मागितलं आणि दोन फेऱ्यांत सगळं उचलून घरी आणलं. ग्लिसरीन साबणाच्या बेसच्या लाद्या, सिलिकॉनचे साचे, वाळ्याच्या सुगंधाची बाटली, मधमाश्यांच्या मेणाची ढेप, कोकमतेलाचे गोळे. आईचं हे सामान नसीमाभाभींकडेच असायचं. दुपारची जेवणं आटोपली की ती तिकडे जायची आणि दिवेलागणीच्या आत परत यायची, एवढं मला फोनवरच्या बोलण्यातून माहीत होतं. “आम्हा दोघींना करमतं गं तिथे,” आई म्हणायची. मी त्यापुढे कधी विचारलं नाही.

आईनं काहीही लिहून ठेवलेलं नव्हतं. तिचं सगळं डोळ्यांच्या आणि बोटांच्या अंदाजात असायचं.

“हे थेट आचेवर ठेवायचं नसतं,” मी मोबाईलवर शोधून सांगितलं. “खाली उकळतं पाणी, त्यावर दुसरं भांडं, आणि त्यात बेसचे बारीक तुकडे. उकळी येऊ द्यायची नाही.”

“मग आधी सांगायचंस.”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

ते पातेलं त्यांनी स्वतः घासलं. मोरीत बसून, बराच वेळ.

दुसऱ्यांदा बेस छान वितळला. पाण्यासारखा पातळ. बाबांनी वाळ्याचे थेंब टाकले आणि श्वास रोखून साच्यांत ओतलं. आईच्या साबणाला दोन थर असत, खाली दुधी आणि वर फिकट कोकमी. बाबांनी खालचा थर ओतला, तो चांगला कडक व्हावा म्हणून दोन तास फ्रीजमध्ये ठेवला, मग वरचा ओतला आणि पुन्हा फ्रीजमध्ये टाकला. संध्याकाळी साचा उलटा केला तर दोन थर दोन वेगळ्या वड्यांसारखे हातात आले. वरच्या बाजूला बुडबुड्यांची जाळी पडलेली. आणि ताटात मांडून ठेवलेल्या तुकड्यांवर बघता बघता पाण्याचे थेंब जमले.

“घाम आलाय साबणाला,” मी म्हणाले. मला हसू आलं होतं, पण बाबांकडे बघून ते आतच राहिलं. ते धोतराच्या फडक्यानं एकेक तुकडा पुसत होते. पुसला की परत थेंब.

लोशनच्या वड्यांची तऱ्हा निराळीच. कोकमतेल, खोबरेल आणि मेण एकत्र वितळवून त्यांनी ओट्यावर निवत ठेवलं. वड्या पडल्या खऱ्या, पण हातावर चोळल्या की वाळू चोळल्यासारख्या. रवाळ. मेण कमी केलं तर मे महिन्याच्या उकाड्यात बोटांतच विरघळायला लागल्या. वाढवलं तर मेणबत्तीसारख्या कडक.

तिसऱ्या दिवशी मी न सांगता नसीमाभाभींकडे गेले. त्या ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. आईपेक्षा थोड्या लहान. नवरा कुवेतला असताना वारलेला, मुलगा तिकडेच. आई गेली त्या दिवशी त्या आमच्या अंगणात भिंतीला टेकून बसून होत्या, घरात आल्या नव्हत्या. नंतरही आल्या नाहीत.

मी सगळं सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“दोन थर सुटतात, घाम येतो, वडी रवाळ होते. सगळं कळतंय मला कशानं होतं ते.”

“मग सांगा ना भाभी. मी त्यांना सांगते.”

“नाही. त्यांना पाठव.”

“ते नाही येणार.”

“मग साबण नाही होणार,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा सूप मांडीवर घेतलं. आवाजात राग नव्हता. पण हलतील असंही वाटेना. “तुझ्यावर नाही गं माझं काही, बाळा. पण एकदा त्यांनी यावं. शालन असताना नाही आले, आता तरी यावं.”

घरी येऊन मी निरोप सांगितला. बाबांनी मान झटकली. “बायकांच्या मागच्या पडवीत जाऊन मी काय करू?” दुपारी त्यांनी अजून एक घाणा बिघडवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, घामेजलेल्या साबणांचं ताट फडक्याखाली झाकलं, आईचं सामान पिशव्यांत भरलं आणि म्हणाले, “चल.”

नसीमाभाभींनी आम्हाला घरातून थेट मागे नेलं. मागच्या पडवीला एका बाजूला जाळीची खिडकी होती आणि खिडकीतून त्यांची फणसाची झाडं दिसत होती. भिंतीला लावून एक लांब टेबल. दोन शेगड्या. फळीवर ओळीनं बरण्या. दोन स्टुलं होती, त्यातल्या एकावर आईची जुनी निळी साडी घडी करून घातलेली. बसायला मऊ व्हावं म्हणून. ती साडी मी ओळखली. बाबांनीही ओळखली असावी. ते उभेच राहिले.

“बसा साळवीभाऊ,” भाभी म्हणाल्या.

“नको. इथे ठीक आहे.”

त्यांनी ताटावरचं फडकं काढलं. भाभींनी एक तुकडा उचलला, उजेडात धरला, नखानं खरवडला.

“फ्रीजमध्ये ठेवलात?”

“लवकर कडक व्हावा म्हणून.”

“साबण फ्रीजमध्ये ठेवायचा नाही. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. आतून गार साबण या मे महिन्याच्या हवेत काढलात की घाम येणारच. बाहेरच निवू द्यायचा, साच्यातून काढला की लगेच पातळ प्लास्टिकात घट्ट गुंडाळायचा. आणि वडी कुठे निववलीत?”

“ओट्यावर.”

“ती फ्रीजमध्ये ठेवायची. कोकमतेल हळूहळू निवलं की त्याचा रवा धरतो. पुरतं वितळवायचं, कण उरता कामा नये, आणि ओतलं की झटकन गार करायचं.” भाभींना पहिल्यांदाच किंचित हसू आलं. “तुम्ही बरोबर उलटं केलंत.”

बाबा लक्ष देऊन ऐकत होते. एखाद्या नव्या ड्रायव्हरला रस्ता समजावून सांगताना तो जसा ऐकतो तसे.

“आणि हे दोन थर?”

“पहिला थर पुरता गार झाल्यावर दुसरा ओतलात?”

“हो. चांगला कडक झाल्यावर.”

“मग नाही धरत. वर साय आली, बोट लावलं तर रुतत नाही पण आत ऊब आहे, अशा वेळी ओतायचा. आधी वरून स्पिरिटचा फवारा मारायचा, त्यानं बुडबुडेही जातात आणि थरही धरतो. दुसरा थर फार कढत नको, नाहीतर खालचा वितळून रंग एक होतो.”

“हे तिनं शोधून काढलं?”

“कुणी शिकवलंय आम्हाला? बिघडवत बिघडवत शिकलो. तीन पावसाळे गेले.”

बाबांनी मान हलवली. मग मी कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं. “भाभी, ती इथे कशाला करायची? घरी जागा होती की.”

भाभी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“तुम्हाला आठवत नाही?”

“काय?”

“पहिल्या वर्षी ती घरीच करायची. एक दिवस तुम्ही स्टँडवरून आलात, तुम्हाला चहात वाळ्याचा वास आला. तुम्ही गॅसवरचं वितळलेल्या साबणाचं पातेलं उचललंत आणि मोरीत ओतलंत. म्हणालात, हा कारखाना माझ्या घरात नको. मोरीत तो सगळा साबण थिजला. ती सुरीनं खरवडून काढत होती, मी तुमचा आवाज ऐकून आले तेव्हा.”

फणसाच्या झाडावर कावळे भांडत होते.

“मला आठवत नाही,” बाबा म्हणाले.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. आठवायचा प्रयत्न करत होते आणि काही सापडत नव्हतं, हे दिसत होतं. त्यांनी आठवून मान खाली घातली असती तर मला कदाचित बरं वाटलं असतं.

“तिला आठवत होतं,” भाभी म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी शेगडी पेटवली, पाण्याचं पातेलं चढवलं आणि मेणाची ढेप बाबांच्या पुढ्यात सरकवली. “किसा.”

बाबा आईच्या स्टुलावर बसले आणि किसायला लागले.

भाभींनी वड्यांचं माप सांगितलं, किती मेणाला किती कोकमतेल, किती खोबरेल, उन्हाळ्यात मेण किती जास्त. बाबा मेण किसता किसता माप पुटपुटत होते. मी विचारलं, “भाभी, एवढं नेमकं माप कसं बसवलंत?”

“मी कुठे? शालननं. कितीतरी महिने चाललं होतं तिचं. कधी लोण्यासारखी मऊ, कधी दगड. मी म्हणायचे, सोड गं, साबण विकले जातायत ना. तर म्हणायची, साबण लोकांसाठी. ही वडी ह्यांच्या टाचांसाठी बसवायचीय.”

बाबांचा हात थांबला. “माझ्या?”

“तुमच्या टाचा फुटायच्या ना? रक्त यायचं. दिवसभर स्टँडवर उभं राहून.”

“त्याला मी मलम लावायचो. मेडिकलचं.”

“डबा मेडिकलचा होता,” भाभी म्हणाल्या. “आतलं तिचं.”

बाबांनी किसणी खाली ठेवली.

“घरी केलेलं काही तुम्ही लावणार नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून एका रिकाम्या डब्यात ओतून दिलं. संपलं की परत भरायची. तुम्हाला सांगायची, मेडिकलमधून आणलं.”

“मी गुरवला सांगितलं होतं,” बाबा हळू म्हणाले. गुरव म्हणजे त्यांच्या डेपोतले हेड मेकॅनिक. “म्हटलं हेच मलम घे, दुसरं घेऊ नकोस. दोन दिवसांत टाच लोण्यासारखी. तो सगळी मेडिकलं फिरला. कुठे मिळेना. मी घरी येऊन शालनला म्हणालो, बघ, चांगला माल बाजारात टिकूच देत नाहीत.”

“माहीत आहे मला,” भाभी म्हणाल्या. “दुसऱ्या दिवशी येऊन तिनं सांगितलं. इथेच बसली होती. हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं तिच्या.”

“हसली?”

“हसली. पण त्या दिवशी तिनं काम केलं नाही. खिडकीतून बाहेर बघत बसली होती.”

भांड्यातलं तेल वितळून स्वच्छ सोनेरी झालं होतं. भाभींनी त्यांच्या हातात पळी दिली. त्यांनी वड्यांचे साचे भरले, एकही थेंब बाहेर न सांडता, आणि स्वतः उचलून फ्रीजमध्ये ठेवले.

त्यानंतर लग्नापर्यंत रोज आम्ही तिघं त्या पडवीत बसलो. बाबा बेस वितळवायचे, मी फवारा मारायचे, भाभी साय बघून “ओता” म्हणायच्या. थर धरायला लागले. साच्यातून साबण निघाला की बाबा तो तळहातावर घेऊन क्षणभर बघायचे आणि लगेच प्लास्टिकात गुंडाळायचे, कोपरे दुमडून, घट्ट. त्यांच्या हातांना वाळ्याचा वास लागला होता. चहा पिताना तो येत असणार. तरी कप रोज पुरता रिकामा व्हायचा.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात नार्वेकर काकूंनी दारातल्या टेबलावर परडीत साबण आणि वड्या मांडल्या होत्या. कुंकू लावून एकेकीच्या हातावर ठेवत होत्या. आम्ही अक्षता टाकायला गेलो होतो. दुखवट्याचं घर म्हणून बाबा मागे खांबाशी उभे होते. चिपळूणकडची कुणी एक बाई, उंची पैठणी नेसलेली, वडी नाकाशी धरून म्हणाली, “अय्या, किती छान झालंय! कोण करतं हो हे?”

नार्वेकर काकूंनी बाबांकडे हात केला. ती बाई कौतुकानं पुढे आली. “तुम्ही करता?”

“नाही,” बाबा म्हणाले. “माझी बायको करते.”

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. बाई गोंधळून इकडेतिकडे बघायला लागली, बायको कुठे दिसते का म्हणून. बाबांनी तिला नमस्कार केला आणि ते बाहेर पडले. पान वाढलेलं होतं, पण ते जेवले नाहीत.

बाबा त्यानंतर बरीच वर्षं होते. साबण त्यांनी पुन्हा केला नाही. नसीमाभाभी मात्र दिवाळीला आणि ईदला अशा दोन वड्या न चुकता पाठवायच्या आणि बाबा त्या लावायचे. मी माहेरी गेले की ते मला भाभींकडे घेऊन जायचे आणि आम्ही मागच्या पडवीतच बसायचो. दोघं फारसं काही बोलत नसत. आईचा विषय निघाला तर भाभी बोलायच्या, बाबा ऐकायचे. आता दोघंही नाहीत. त्या आठवड्याचं मला जे आठवतं ते बहुतेक त्या दिवशीचं, कार्यालयातून घरी चालत येतानाचं.

दुपारचं ऊन होतं. रस्त्यात सावली अशी नव्हतीच. बाबा पुढे, मी मागे. बाजारपेठ मागे पडल्यावर ते थांबले.

“वृषाली, तिनं मला सांगितलं का नाही गं? एवढी वर्षं.”

मी विचार केला. खरं उत्तर मला माहीत होतं, पण वडलांना ते सांगायची माझी छाती झाली नाही.

“तुम्हाला राग येईल असं वाटलं असेल तिला,” मी म्हणाले. “पण कळलं असतं तर तुम्हाला आवडलंच असतं, बाबा. तुम्ही तिला सांगितलंही असतंत, छान झालंय म्हणून. गुरवकाकांना सांगितलंत तसं.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांची समजूत घालतेय, हे त्यांना कळत होतं.

“नाही गं,” ते म्हणाले. “कळलं असतं तर मी ते लावलंच नसतं.”

समोरून माखजनची गाडी येत होती. रस्ता अरुंद, म्हणून आम्ही दोघं कडेला गवतात उभे राहिलो. ड्रायव्हर ओळखीचा असावा, त्यानं हात वर केला. बाबांनीही केला. गाडी गेली, आणि धुरळा खाली बसेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.